मॉन्टेनेग्रो: समुद्राकाठची गावं आणि डोंगरातली गावं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मला मॉन्टेनेग्रोबद्दल तेच तेच प्रश्न येतात, कधी पुण्याहून, कधी ठाण्याहून, कधी जर्मनी-अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांकडून, म्हणून सगळे एका जागी घातलेत. सुरुवातीचे साधे आहेत, शेवटचे जरा किचकट. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे नंबर दिलाय.

१. हा देश नक्की आहे कुठे आणि केवढा?

एड्रियाटिक समुद्राच्या काठी, क्रोएशियाच्या खाली आणि अल्बेनियाच्या वर. आधी युगोस्लाव्हियात होता, २००६ मध्ये सार्वमत घेऊन सर्बियापासून वेगळा झाला. क्षेत्रफळ साधारण १३,८०० चौरस किमी, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान, आणि लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास. पण एवढ्याशा जागेत समुद्रापासून अडीच हजार मीटरपर्यंतचे डोंगर आहेत आणि म्हणूनच नकाशावर बघून अंतरं ठरवू नका, ५० किलोमीटरला दीड तास लागणं तिथे अगदी नॉर्मल आहे.

२. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? शेंगेन चालतो का?

मॉन्टेनेग्रो युरोपियन युनियनमध्ये नाही आणि शेंगेनमध्येही (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) नाही. पण तुमच्याकडे चालू असलेला शेंगेन, अमेरिका किंवा यूकेचा व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा न घेता ३० दिवसांपर्यंत राहता येतं, अर्थात त्या व्हिसाची मुदत तोपर्यंत असली पाहिजे. यातलं काहीच नसेल तर मॉन्टेनेग्रोचा व्हिसा काढावा लागतो. तिकीट काढायच्या आधी त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर नियम परत एकदा बघाच, कारण असे नियम बदलतात आणि एअरलाइनवाले चेक-इनलाच अडवतात.

अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी वेगळं सांगते: पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलेला आहे आणि हातात फक्त एक्स्टेन्शनचा कागद आहे अशा स्थितीत निघू नका, व्हिसा चालू लागतो. शेंगेनची सिंगल-एन्ट्री आणि डबल-एन्ट्रीची भानगड प्रश्न १६ मध्ये आहे, ती वाचल्याशिवाय डुब्रोवनिकचं तिकीट काढू नका.

३. पोचायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. दोन विमानतळ आहेत, राजधानी पोडगोरित्सा आणि समुद्राकाठचं तिवात. इस्तंबूलवरून पोडगोरित्सा हा आपल्याला सगळ्यात सरळ पडणारा रस्ता. बरेच जण क्रोएशियातल्या डुब्रोवनिकला उतरून बसने किंवा टॅक्सीने येतात, तो विमानतळ सीमेच्या अगदी जवळ आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये सीमेवरच्या रांगेत दोन-दोन तास जाऊ शकतात.

४. डुब्रोवनिकवरून एक दिवसाची ट्रिप केली तर मॉन्टेनेग्रो बघून होतं ना?

नाही. हे मी दरवेळी कळकळीने सांगते. त्या बसमध्ये पेरास्तला अर्धा तास, कोटोरला दोन तास, बुद्वाला जेवण आणि बाकी सगळा वेळ रस्त्यावर जातो. शिवाय तुम्ही कोटोरमध्ये पोचता तेव्हाच क्रूझ जहाजांची हजारो माणसं उतरलेली असतात, म्हणजे सगळ्यात वाईट वेळेला तुम्ही तिथे असता आणि संध्याकाळी सहानंतर गल्ल्या मोकळ्या होतात तेव्हा तुम्ही परत सीमेच्या रांगेत.

आणि मुख्य म्हणजे डोंगर राहून जातात. या देशाची खरी मजा अशी आहे की सकाळी समुद्रात पोहून दुपारी तुम्ही पाइनच्या जंगलात स्वेटर घालून बसू शकता, त्यामुळे किनारा वेगळा आणि डोंगर वेगळे असं करूच नका, दोन्हीकडे मुक्काम करा. कमीत कमी सात रात्री. माझी वाटणी: तीन रात्री कोटोरच्या खाडीत, एक त्सेतिन्ये किंवा स्कादार सरोवराकाठी विरपाझारला, तीन वर झाब्ल्याकला. पाचच दिवस असतील तर मी बुद्वा गाळेन, झाब्ल्याक नाही.

५. किनाऱ्यावर मुक्काम कुठे करू? कोटोर, बुद्वा, पेरास्त, हेर्त्सेग नोवी, उल्त्सिन्य… सगळी नावं ऐकून गोंधळ होतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट लिहिते.

कोटोर: तटबंदीच्या आतलं जुनं शहर. १४२० पासून १७९७ पर्यंत इथे व्हेनिसची सत्ता होती आणि ते दगडी घरांवर, चौकांवर दिसतं. सेंट ट्रिफॉनचं कॅथेड्रल ११६६ चं. एप्रिल १९७९ च्या भूकंपात शहराचं खूप नुकसान झालं, त्याच वर्षी ते युनेस्कोच्या यादीत गेलं आणि मग दगड दगड जुळवून परत उभं केलं. शहराच्या मागे डोंगरावर तटबंदी चढत जाते, वरच्या सान जोव्हानी किल्ल्यापर्यंत साधारण १३५० पायऱ्या, तिकीट आहे. आपल्या किल्ले फिरणाऱ्या मंडळींना चढ काहीच वाटणार नाही पण उन्हाळ्यात ऊन भाजून काढतं, सकाळी आठच्या आत सुरू करा किंवा संध्याकाळी. एक तोटा: तटबंदीच्या आत खोली घेतलीत तर रात्री खालच्या बारचा आवाज येतो. पंधरा मिनिटं चालत दोब्रोताला राहा, खाडीला लागून, शांत.

पेरास्त: एका रस्त्याचं गाव, खाडीकडे तोंड करून बसलेले जुन्या दर्यावर्दी घराण्यांचे वाडे. समोर दोन बेटं, त्यातलं सेंट जॉर्ज नैसर्गिक, आणि दुसरं, गोस्पा ओद श्क्रप्येला, माणसांनी दगड टाकून टाकून तयार केलेलं. कथा अशी की २२ जुलै १४५२ ला खलाशांना तिथल्या खडकावर मेरीचं चित्र सापडलं आणि तेव्हापासून प्रत्येक सफरीवरून सुखरूप आल्यावर ते तिथे दगड टाकत गेले. आजही दर २२ जुलैला संध्याकाळी गावकरी एकमेकांना बांधलेल्या होड्यांची रांग घेऊन जातात आणि दगड टाकतात. बेटावरच्या चर्चमध्ये चांदीचे पत्रे लावलेत, नवस फेडल्याचे, त्यावर वादळात सापडलेली गलबतं कोरलेली आहेत. आणि एक भरतकाम आहे ते चुकवू नका, यात्सिंता कुनिच नावाच्या बाईने दर्यावर गेलेल्या माणसाची वाट बघत २५ वर्षं भरलेलं, रेशमाबरोबर स्वतःचे केस वापरून. छोट्या देवदूतांच्या डोक्याकडे जवळून बघा, काहींचे केस गडद आहेत आणि काहींचे पांढरे, म्हणजे भरता भरता तिचेच पिकत गेले असं तिथले लोक सांगतात. मी त्या काचेसमोरून लवकर हलूच शकले नाही.

हेर्त्सेग नोवी: खाडीच्या तोंडाशी, १३८२ मध्ये वसवलेलं, जिन्यांचं गाव. फेब्रुवारीत इथे मिमोसाची पिवळी फुलं येतात आणि त्यांचा उत्सव असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी जपून.

बुद्वा: पार्टी, मोठी हॉटेलं, गर्दीचे बीच. जुनं शहर छान आहे पण एका संध्याकाळीत होतं. तरुण ग्रुप असेल आणि तेच हवं असेल तर जा, बाकीच्यांनी थोडं पुढे पेत्रोवाच बघावं.

उल्त्सिन्य: अगदी दक्षिणेला, इथे बहुसंख्य लोक अल्बेनियन, मशिदींची अजान ऐकू येते, खाणंही वेगळं. बाकीचा किनारा बहुतेक गोट्यांचा आहे पण इथला वेलिका प्लाझा हा बारा-तेरा किमी लांब वाळूचा बीच. जवळच्या जुन्या मिठागरात फ्लेमिंगो येतात. ज्यांना शिवडी-ऐरोलीचे फ्लेमिंगो बघायची सवय आहे त्यांना इथे फार आवडतं.

६. स्वेती स्तेफानच्या त्या फोटोतल्या बेटावर आत जाता येतं का?

सहज नाही, ते अख्खं बेटच हॉटेलच्या ताब्यात आहे. फोटोतला तो व्ह्यू वरच्या रस्त्यावरून फुकट मिळतो, आणि बाजूला मिलोचेरच्या झाडीतून चालत जायची वाट सुंदर आहे.

७. कोटोरची खाडी म्हणजे फ्योर्ड ना?

बोलताना सगळेच म्हणतात, पण नाही. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला असतो, ही समुद्राने बुडवलेली जुनी नदीची दरी आहे. खाडी मधे वेरिगे इथे इतकी अरुंद होते की पलीकडचं घर स्पष्ट दिसतं, आणि त्याच भागात कामेनारी ते लेपेताने गाड्यांची फेरी चालते. तिवातहून हेर्त्सेग नोवीला जाताना फेरी घ्या, नाहीतर पूर्ण खाडीला वळसा पडतो.

८. कोणत्या महिन्यात जाऊ? तिथे पावसाळा कधी?

आपलं गणित उलटं करा. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, तिथे तेच महिने कोरडे आणि मुख्य पाऊस ऑक्टोबर ते मार्च, नोव्हेंबर-डिसेंबरला सगळ्यात जास्त. आणि पाऊस म्हणजे रिमझिम नाही. खाडीकाठच्या रिसान गावाच्या वर डोंगरात क्र्क्विचे नावाची वस्ती आहे तिथे वर्षाला सरासरी ४,६०० मिमीहून जास्त पडतो, युरोपातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक. कारण सह्याद्रीसारखंच, समुद्रावरची ओली हवा एकदम उभ्या डोंगराला आदळते आणि वर चढताना रिकामी होते.

माझी पसंती जून आणि सप्टेंबर. सप्टेंबरला समुद्र अजून उबदार असतो, गर्दी उतरलेली असते, डोंगरातल्या वाटा उघड्या असतात. मे मध्ये किनारा मस्त पण वर दुर्मितोरच्या डोंगरात (प्रश्न ९) बर्फ शिल्लक असतो. जुलै-ऑगस्ट शाळेच्या सुट्ट्यांमुळे युरोपातली सगळी गर्दी. हिवाळ्यात किनाऱ्यावर बरीच हॉटेलं बंद आणि वर स्कीइंग चालू.

९. डोंगरात झाब्ल्याक की कोलाशिन?

ट्रेक करणारे, नजारे हवे असणारे: झाब्ल्याक. गाडी नाही, लहान मुलं आहेत, वेळ कमी: कोलाशिन.

झाब्ल्याक साधारण १४५० मीटरवर, बाल्कनमधलं सगळ्यात उंच शहर मानतात, पण शहर म्हणजे एक चौक, दोन-तीन रस्ते आणि उभ्या उताराच्या छपरांची लाकडी घरं. दुर्मितोर नॅशनल पार्क तिथेच सुरू होतं, १९८० पासून युनेस्कोच्या यादीत. गावातून चालत अर्ध्या-पाऊण तासात त्स्र्नो येझेरो, म्हणजे काळं सरोवर, त्याभोवतीची सपाट वाट कोणालाही जमते. मग तारा नदीची दरी, काही ठिकाणी १३०० मीटरपर्यंत खोल, आणि त्यावरचा जुर्जेविचा तारा पूल, १९४० मध्ये पूर्ण झालेला, पाच कमानी, नदीपासून १७२ मीटर वर. १९४२ मध्ये इटालियन फौज अडवायला त्याची एक कमान उडवली, ती उडवणारा लाझार याउकोविच हा स्वतः त्याच पुलाच्या बांधकामावरचा इंजिनियर होता, पुढे त्याला पकडून पुलावरच मारलं. पुलाच्या टोकाला त्याचं स्मारक आहे. सगळे झिपलाइनच्या रांगेकडे धावतात, तिथे दोन मिनिटं थांबा.

कोलाशिन साडेनऊशे मीटरच्या आसपास, ट्रेनने जाता येतं (प्रश्न ११), आणि २०२२ मध्ये नवा मोटरवे झाल्यापासून पोडगोरित्साहून तासाच्या आत. जवळ बियोग्राद्स्का गोरा, युरोपातल्या मोजक्या उरलेल्या आदिम जंगलांपैकी एक, मधे सरोवर. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथले बीच वृक्ष तांबूस होतात.

१०. त्सेतिन्ये आणि लोव्चेन करण्यासारखं आहे का? कोटोरवरून केबल कार पण आहे म्हणे.

आहेच, आणि लोक हे सर्रास गाळतात याचं मला वाईट वाटतं. त्सेतिन्ये ही जुनी राजधानी, १४८२ मध्ये वसलेली. दक्षिण स्लाव्ह लोकांतलं सिरिलिक लिपीतलं पहिलं छापील पुस्तक १४९४ मध्ये इथे तयार झालं. आज शांत गाव आहे, लिंडनच्या झाडांखाली जुन्या वकिलातींच्या इमारती, कारण १९१८ पर्यंत हा स्वतंत्र देश होता आणि मोठ्या सत्तांचे राजदूत इथे राहायचे.

वर लोव्चेन डोंगरावर येझेर्स्की शिखराला, १६५७ मीटरवर (आपलं कळसूबाई १६४६), पेतार न्येगोश या कवी-राज्यकर्त्याची समाधी. ४६१ पायऱ्या, बहुतेक बोगद्यातून. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला अल्बेनियापर्यंत डोंगर.

केबल कार २०२३ मध्ये सुरू झाली, साधारण अकरा मिनिटांत १३०० मीटरच्या वर नेते. पण ती समाधीपर्यंत जात नाही, वरून पुढे गाडी लागते, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं. ट्रेकर असाल तर कोटोरच्या मागून निघणारी जुनी खेचरांची नागमोडी वाट आहे, साधारण ९४० मीटरची चढाई, तिकीट नाही, पाणी भरपूर घ्या. वर न्येगुशी गावात चीज आणि धुरावलेलं मांस मिळतं.

११. गाडी न घेता फिरता येईल का?

किनाऱ्यावर आरामात. हेर्त्सेग नोवी ते उल्त्सिन्य बस सतत असतात. बॅग डिकीत ठेवायचे एक-दोन युरो वेगळे, सुट्टे रोख ठेवा.

ट्रेन एकच पण अप्रतिम: बार ते बेलग्रेड, ४७६ किमी, १९७६ मध्ये सुरू झालेली. अख्खी करायची गरज नाही, पोडगोरित्सा ते कोलाशिन दीड तासाचा तुकडा पुरे, बोगद्यामागून बोगदे आणि मधे माला रियेका पूल, दरीपासून जवळजवळ २०० मीटर वर. कोलाशिनकडे जाताना डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांना काहीतरी असतं, उभं राहून बघा. गाड्या उशिरा येतात, त्या दिवशीचं विमान पकडायचं असेल तर ट्रेनच्या भरवशावर राहू नका.

अडचण फक्त झाब्ल्याकची. बस कमी आहेत आणि तिथे पोचल्यावर आजूबाजूला फिरायला वाहन लागतंच. माझा सल्ला, किनारा बसने करा आणि डोंगरासाठी शेवटचे तीन दिवस गाडी घ्या.

१२. गाडी चालवायला भीती वाटते, रस्ते कसे आहेत?

रस्ते चांगले, पण अरुंद आणि वळणांचे. डावीकडे स्टिअरिंग, उजव्या बाजूने चालवायचं. आपलं लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल परमिट घ्या. दिवसाही हेडलाइट चालू ठेवावे लागतात, त्यावरून दंड होतो. कोटोर ते न्येगुशी जुना रस्ता, नंबर दिलेली २५ वळणं, नजारा जबरदस्त पण दोन गाड्या कशाबशा बसतात आणि समोरून टुरिस्ट बस आली तर मागे घ्यावी लागते. नवीन असाल तर बुद्वा ते त्सेतिन्ये मोठ्या रस्त्याने वर जा. दुर्मितोरभोवतीचा रिंग रोड १९०७ मीटरच्या सेद्लो खिंडीतून जातो, हिवाळ्यात बंद. पेरास्तमध्ये सीझनला गाडी आत सोडत नाहीत, बाहेर पार्किंग.

१३. आम्ही शाकाहारी. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण थोडी तयारी हवी. डोंगरात तर उलट चैन आहे. काचामाक म्हणून पदार्थ असतो, बटाटा आणि मक्याचं पीठ एकत्र शिजवून जाड लाकडी दांड्याने इतकं घोटतात की त्याला तार सुटते, मग त्यात कायमाक म्हणजे मुरवलेली साय आणि चीज विरघळवतात, आणि सोबत ताकासारखं घट्ट आंबट दूध. एक प्लेट दोघांना होते. सकाळी प्रिगानित्से, म्हणजे गरम तळलेले पिठाचे गोळे, मध किंवा चीजबरोबर. बेकरीत चीजचा किंवा पालकाचा बुरेक. किनाऱ्यावर ब्लित्वा (पालेभाजी आणि बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल), शोप्स्का सॅलड, पिझ्झा-पास्ता सगळीकडे.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. एक, राजम्यासारख्या बीन्सच्या सूपमध्ये बहुतेक वेळा मांसाचा तुकडा असतो, 'बेझ मेसा' म्हणजे मांस नको असं सांगून विचारून घ्या. दोन, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन उपासाला 'पोस्नो' जेवण करतात, त्यात मांस, अंडं, दूध नसतं, व्हीगन लोकांना हा शब्द फार कामाचा, मात्र मासे चालतात म्हणून ते वेगळं विचारा. जैन जेवण कठीण, किचन असलेला फ्लॅट घ्या.

मासे खाणाऱ्यांनी खाडीतले शिंपले, लसूण आणि वाइनमधले, खाल्ल्याशिवाय येऊ नये.

१४. आई-बाबा सोबत आहेत, सत्तरीचे. काय जमेल?

पेरास्त, बेटाची होडी, केबल कार, स्कादार सरोवरातली बोट (विरपाझारहून), काळं सरोवर, ट्रेन. समाधीच्या पायऱ्या आणि कोटोरचा किल्ला सोडा. ओस्त्रोगचा मठ त्यांना नक्की दाखवा, उभ्या कड्यात कोरल्यासारखा पांढरा, १७ व्या शतकातला, दूरदूरचे भाविक येतात, काही जण शेवटचा चढ अनवाणी चढतात. गाडी बरीच वरपर्यंत जाते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे सगळ्याच मठांना लागू.

१५. पैसे, सिम, राहण्याची नोंदणी?

चलन युरो, देश युनियनमध्ये नसूनही. घरगुती खोल्या (दाराबाहेर 'सोबे' अशी पाटी असते) बऱ्याचदा रोखच मागतात. युरोपातलं सिम इथे घरच्यासारखं चालेल असं धरू नका, लोकल टुरिस्ट सिम स्वस्त आहे.

नोंदणी महत्त्वाची: आल्यावर २४ तासांत तुमची नोंद व्हावी लागते आणि दिवसाला साधारण एक युरो टुरिस्ट टॅक्स असतो. हॉटेल आपोआप करतं. घरगुती खोलीत पहिल्याच दिवशी विचारा आणि पावती जपून ठेवा. मित्राकडे राहणार असाल तर तुम्हालाच करावं लागतं.

१६. शेंगेन सिंगल-एन्ट्री आहे, क्रोएशिया करून मॉन्टेनेग्रो आणि परत क्रोएशिया असं करता येईल?

नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. तुम्ही मॉन्टेनेग्रोत शिरलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि सिंगल-एन्ट्री तिथेच संपली. परतीचं विमान डुब्रोवनिकहून असेल तर अडकाल. मल्टिपल घ्या, किंवा परत पोडगोरित्साहून इस्तंबूलमार्गे निघा. जातानाही, सिंगल-एन्ट्री वापरून बाहेर पडल्यावर तो व्हिसा मॉन्टेनेग्रोच्या सीमेवर चालू धरला जाईल का, यावर जुगार खेळू नका.

१७. बोबोतोव कुक किंवा अल्बेनियाच्या सीमेवरचे ट्रेक स्वतःचे स्वतः करता येतील?

बोबोतोव कुक (२५२३ मीटर) अनुभवी ट्रेकरला सेद्लो खिंडीकडून एका दिवसात होतो, शेवटी हाताने धरून चढायचा पॅच आहे. चुनखडीचा डोंगर असल्याने पाणी जमिनीत मुरतं, वाटेवर पाणी नाही असं धरूनच चला. जूनमध्येही घळींत बर्फ असतो आणि उन्हाळ्यात दुपारी विजा, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत खाली.

प्रोक्लेतिये म्हणजे प्लाव आणि गुसिन्येच्या बाजूचे डोंगर, तिथला तीन देशांतून जाणारा मोठा ट्रेल चालताना सीमा रानातच ओलांडली जाते, चौकी नसते. त्यासाठी आधी बॉर्डर पोलिसांची परवानगी काढावी लागते, स्थानिक एजन्सी काढून देतात, आणि आपल्या पासपोर्टला अल्बेनिया व कोसोवोचे प्रवेशाचे नियम वेगवेगळे बघावे लागतात. ते जमत नसेल तर गुसिन्येला राहून ग्रेबाये आणि रोपोयाना या दोन दऱ्या करा, दोन्ही मॉन्टेनेग्रोतूनच सुरू होतात, रोपोयानात मात्र सरोवरापर्यंत पुढे सीमा जवळ येते म्हणून पासपोर्ट खिशात ठेवा आणि पाट्या बघत चला.